लंडन ते सिडनी: हवाई अंतर किती, तास किती आणि आकडे जुळत का नाहीत

लंडनहून सिडनीला विमानाने किती किलोमीटर पडतात आणि पोचायला किती तास लागतात? प्रश्न साधा आहे, पण शोधायला गेलं की एका साइटवर १९ तास दिसतात, दुसरीवर २१ तास ४० मिनिटं, आणि तिकीट काढायला बसलं की २३-२४ तास. अंतराचीही तीच गत: १६,९९० किमी, १७,०१६ किमी, कुठे १७,८०० किमी.

अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. तासांचे पहिले दोन आकडे मात्र नुसत्या भागाकारातून आलेले आहेत, त्यांचा वेळापत्रकाशी काही संबंध नाही.

घाईत असाल तर एवढं पुरेल. लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून सिडनी विमानतळापर्यंतचं कमीत कमी अंतर १७,०१६ किमी, म्हणजे सुमारे ९,१८८ सागरी मैल. हे लिहिताना तरी रोजच्या सेवेत हे अंतर एका दमात कापणारं विमान नाही, त्यामुळे एक थांबा धरून चालायचं. थांबा आटोपशीर असेल तर लंडनहून सिडनीला २२.५ ते २३.५ तास लागतात आणि परतीला त्याहून साधारण एक तास जास्त. हे आकडे कसे येतात ते एकदा कळलं की जगातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी तुमचे तुम्ही काढू शकता, म्हणून पुढचा विस्तार.

आधी अंतर. १६,९९० किमी हे एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्या शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे. विमान निघतं विमानतळावरून, आणि हीथ्रो लंडनच्या मध्यापासून बरंच पश्चिमेला, म्हणजे सिडनीच्या उलट बाजूला आहे. म्हणून विमानतळ ते विमानतळ अंतर थोडं वाढतं. या पल्ल्याला तो फरक दोन मिनिटांच्या उड्डाणाइतका, सोडून देण्यासारखा. चारशे-पाचशे किलोमीटरच्या प्रवासात तोच फरक सहा-सात टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिथे नेहमी विमानतळाचेच अक्षांश-रेखांश घ्यावेत.

गणित शाळेतल्या त्रिकोणमितीवर भागतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवायचा. जी संख्या येईल ती ज्या कोनाचा कोसाइन असेल, तो कोन म्हणजे दोन विमानतळांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन. हीथ्रो ५१.४७० उत्तर, ०.४५४ पश्चिम, सिडनी ३३.९४६ दक्षिण, १५१.१७७ पूर्व. दक्षिण आणि पश्चिम उणे धरायचे.

रेखांशांतला फरक: १५१.१७७ + ०.४५४ = १५१.६३१ अंश
पहिला गुणाकार: ०.७८२३ × (−०.५५८४) = −०.४३६८
दुसरा गुणाकार: ०.६२२९ × ०.८२९६ × (−०.८७९९) = −०.४५४७
बेरीज: −०.८९१५
कोन: १५३.०७ अंश
अंतर: १५३.०७ × १११.१९५ = सुमारे १७,०२० किमी

१११.१९५ हा आकडा पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरून येतो. एका अंशाला तितके किलोमीटर. सागरी मैलात काम आणखी सोपं होतं, कारण एका अंशाला ६० सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१३७ किमी, ध्रुवावर ६,३५६.७५२ किमी. तो चपटेपणा धरून हिशेब केला की १७,०१६ येतात. गोल पृथ्वी धरल्याने होणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते, आणि इथे तर ती चारच किलोमीटर आहे. प्रवासाच्या अंदाजाला ती आड येत नाही.

खऱ्या चुका वेगळ्या असतात आणि त्या ठरलेल्या असतात. स्प्रेडशीटमधले साइन-कोसाइन अंश घेत नाहीत, रेडियन घेतात. अंश तसेच टाकले तर काहीतरी भलतंच उत्तर येतं, पण ते भलतं असल्यामुळेच लगेच लक्षात येतं. जास्त धोकादायक चूक चिन्हाची. सिडनीच्या दक्षिण अक्षांशाला उणे लावायचं राहिलं तर उत्तर येतं सुमारे १०,१२० किमी. हा आकडा इतका साळसूद दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. तिसरी चूक मैलांची. विमानवाले सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किमीचा, रस्त्यावरचा मैल १.६०९ किमीचा. ९,१८८ सागरी मैलांना रस्त्याचे मैल समजून किलोमीटर केले तर १४,७८० च्या घरात आकडा येतो, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटर गायब. उत्तर तपासायला एक मर्यादा लक्षात ठेवा: पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधलं अंतर सुमारे २०,०१५ किमीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण तो अर्धा परीघ झाला. लंडन–सिडनी त्याच्या ८५ टक्के आहे. यापेक्षा फार दूर जायला जगात जागाच थोडी उरते.

आता नकाशा. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर लंडन आणि सिडनी पट्टीने जोडले तर रेघ भूमध्य समुद्र, अरबस्तान, हिंदी महासागर अशी खाली उतरते. ती सरळ दिसते, पण त्या रेघेवरून एकच दिशा धरून उडालं तर सुमारे १७,७०० किमी पडतात, म्हणजे जवळजवळ ७०० किमी जास्त. सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, लंडनहून ईशान्येकडे निघतो, बाल्टिक समुद्र ओलांडून ५७ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, मॉस्कोच्या उत्तरेकडून वळतो आणि मग कझाकस्तान, चीन, दक्षिण चीन समुद्र, इंडोनेशिया करत ऑस्ट्रेलियात शिरतो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की हे लगेच पटतं.

पण तिथेच व्यावहारिक अडचण सुरू होते. या मार्गाचा मोठा भाग रशियावरून जातो, आणि फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना बंद आहे. कागदावर १७,०१६ किमी तसेच आहेत, उडायला मात्र ते मिळत नाहीत. बंदीचा सर्वांत मोठा फटका हेलसिंकी–टोकियोसारख्या मार्गांना बसला. ग्रेट सर्कल अंतर सुमारे ७,८३० किमी, आधी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. आता विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जातात आणि १३ तासांच्या आसपास घेतात. शहरं जागेवर आहेत, अंतर सांगणाऱ्या साइटचा आकडाही जागेवर आहे, वेळ मात्र तीन-साडेतीन तासांनी वाढली.

आकाश खुलं असलं तरी विमान अगदी ग्रेट सर्कलवरून उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्करी क्षेत्रं टाळायची असतात, वादळी ढगांना वळसा असतो, निघताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेप्रमाणे फिरावं लागतं. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत पोचता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. दक्षिण गोलार्धातल्या रिकाम्या महासागरांवर त्यानेही मार्ग वाकतो. लांब मार्गांवर या सगळ्याची गोळाबेरीज साधारण ३ ते ६ टक्के होते.

लंडन–सिडनीसाठी याचं प्रत्यक्ष माप उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटस या ऑस्ट्रेलियन कंपनीने बोइंग ७८७-९ विमान मोजक्या ५२ लोकांना घेऊन लंडनहून सिडनीला थेट नेलं. ते सुमारे १७,८०० किमी उडालं आणि १९ तास १९ मिनिटांत पोचलं. तेव्हा रशियाचं आकाश खुलं होतं, तरीही ग्रेट सर्कलपेक्षा साडेचार टक्के जास्त. सुरुवातीला दिलेला १७,८०० चा आकडा हा असा उडून मोजलेला आहे. त्याच्या तीस वर्षं आधी, ऑगस्ट १९८९ मध्ये, क्वांटसच्याच बोइंग ७४७-४०० ने हा पल्ला २० तास ९ मिनिटांत थेट मारला होता. त्यासाठी जास्त घनतेचं खास इंधन भरलं होतं, आणि टॅक्सी करण्यात, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाण्यात, इंधन जाऊ नये म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढून नेलं होतं. ही दोन्ही उड्डाणं नेहमीच्या प्रवाशांची नव्हती. भरलेल्या विमानाला इतकं इंधन उचलता येत नाही, म्हणूनच थांबा लागतो.

इंधनाचं गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. प्रवासापुरतं इंधन भरून कुणालाही निघता येत नाही. प्रवासाच्या इंधनावर सहसा पाच टक्के वाढीव, उतरायचा विमानतळ बंद असेल तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं शेवटचं राखीव. शिवाय शेवटच्या तासासाठी लागणारं इंधन आधीचे एकोणीस तास वाहून न्यायचं, आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळायचं. म्हणून पल्ला दुप्पट झाला की इंधन दुपटीहून जास्त लागतं. क्वांटसने २०२२ मध्ये थेट सेवेसाठी मागवलेल्या १२ एअरबस ए३५०-१००० विमानांत २०,००० लिटरची जादा टाकी आणि फक्त २३८ आसनं ठेवली आहेत, ती याचसाठी. एका थांब्याच्या तुलनेत चार तासांपर्यंत वाचतील असा कंपनीचा दावा आहे.

आता वेळ. साइटवरचे आकडे कसे येतात ते उघड करून दाखवता येतं. १७,०१६ किमी भागिले ताशी ९०० केलं की १८ तास ५४ मिनिटं येतात. ते झाले '१९ तास'. हेच अंतर मैलांत सुमारे १०,५७३. ताशी ५०० मैल धरून भागलं आणि चढणं-उतरणं म्हणून अर्धा तास मिळवला की २१ तास ३९ मिनिटं येतात. ते झाले '२१ तास ४० मिनिटं'. दोन्हींत वारा नाही, वळसा नाही, थांबा नाही. अशी साइट पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन गावांमधला वेळ सांगते, तिथे विमानतळ असो वा नसो.

ताशी ९०० हा वेग येतो कुठून? लांब पल्ल्याची ७८७ किंवा ए३५० सारखी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात, ए३२० किंवा ७३७ सारखी छोटी ०.७८ च्या आसपास. ३६,००० फुटांच्या वर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी. म्हणून ०.८५ चे झाले ९०३, ०.७८ चे झाले ८२८. हवा दहा अंशांनी उबदार असेल तर त्याच प्रमाणात ताशी वीस किलोमीटर जास्त मिळतात, एवढा बारकावा आपल्याला लागत नाही. पण विमान छोटं की मोठं हे जरूर बघावं. पाच हजार किलोमीटरच्या प्रवासात नुसत्या त्या फरकाने अर्धा तास पडतो.

हा वेग हवेतला आहे. जमिनीवरून बघितलं तर त्यात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. खरा खेळ इथे आहे, आणि अंदाज चुकतात तेही बहुतेक इथेच. मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात तो जोरात असतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी २०० किमीच्या पुढचे वारे नवलाचे नसतात. न्यूयॉर्क–लंडन हे अंतर जेमतेम ५,५४० किमी, पण पूर्वेकडे येताना वेळापत्रकात सात तासांच्या आसपास असतात आणि पश्चिमेकडे जाताना आठ. ९ फेब्रुवारी २०२० ला सिआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. त्या विमानाने आवाजाची मर्यादा ओलांडली असं तेव्हा बरेच जण म्हणाले. ते चूक आहे. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच धावत होती.

जाताना जे जातं ते येताना मिळतं, वारा कटतो, असंही अनेकांना वाटतं. तो कटत नाही. ६,००० किमी अंतर, विमानाचा वेग ९००, वारा १०० घ्या. पाठच्या वाऱ्याने ६ तास, समोरच्या वाऱ्याने साडेसात तास, एकूण साडेतेरा. वारा नसता तर १३ तास २० मिनिटं. दहा मिनिटं जास्त गेली, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि पाठच्या वाऱ्यात कमी वेळ. वारा जितका जोराचा तितका हा तोटा वाढतो.

वाऱ्यासाठी मुद्दाम लांबचा रस्ता घेणंही परवडतं. याचं सर्वांत ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ग्रेट सर्कल सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून १३,९०० किमीच्या आसपास उडायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाताना पॅसिफिकचा, म्हणजे पूर्वेचा रस्ता धरला. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं आणि वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला. वारा सतत पाठीशी. ग्रेट सर्कलवरून वेळ काढणाऱ्याला हे उत्तर कधीच मिळणार नाही.

लंडन–सिडनीला वाऱ्याचा परिणाम मात्र पल्ल्याच्या मानाने कमी आहे. जवळजवळ अर्धा प्रवास उष्ण कटिबंधातून होतो आणि तिथे वरचे वारे मंद असतात. म्हणून अंतर न्यूयॉर्क–लंडनच्या तिप्पट असूनही जाता-येतानाचा फरक तासाभराच्या आसपासच राहतो. फक्त किती लांब एवढं बघून चालत नाही. मार्ग कोणत्या अक्षांशांतून आणि कोणत्या दिशेने जातो तेही बघावं लागतं.

यात अजून जमिनीवरचा वेळ आलेला नाही. तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पोचल्यावर गेटला थांबेपर्यंतचा, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायलाच १५-२० मिनिटं लागतात, उतरल्यावर आणखी पाच-दहा. १०,००० फुटांच्या खाली वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीपर्यंत मर्यादित असतो. चढताना विमान तिरकं पण पुढेही जात असल्याने सगळा वेळ वाया जात नाही. निव्वळ तोटा साधारण अर्ध्या तासाचा धरावा. त्यावर कंपन्या विलंबाची उशी ठेवतात. हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांना बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी घिरट्या घालत वाट बघावी लागते, आणि ती दहा-पंधरा मिनिटं वेळापत्रकात आधीच धरलेली असतात. म्हणून विमान 'वेळेआधी' पोचल्याचं कौतुक बेतानेच करावं. वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्याच विमानाचा वेळ उन्हाळ्यात व हिवाळ्यात वेगळा छापलेला असू शकतो, तो मुख्यतः वाऱ्यामुळे.

हे सगळं एका कामचलाऊ सूत्रात बसवता येतं: ग्रेट सर्कल अंतराला १.०४ ने गुणा, मोठ्या विमानासाठी ९०० ने आणि छोट्यासाठी ८२० ने भागा, अर्धा तास मिळवा. मार्ग मध्य अक्षांशांतून पूर्व-पश्चिम जात असेल तर दर हजार किलोमीटरला चार मिनिटं अधिक-उणे करा, ऐन हिवाळ्यात सात-आठ. उत्तर-दक्षिण मार्गाला ही दुरुस्ती नको. वाटेत मोठं आकाश बंद असेल तर १.०४ च्या जागी नकाशावर वळसा आखून खरं अंतर मोजा, गुणकाच्या भरवशावर राहू नका.

सिंगापूरमार्गे लावून पाहू. हीथ्रो–सिंगापूर १०,८८० किमी, गुणिले १.०४, भागिले ९००, अधिक अर्धा तास म्हणजे १३ तास ५ मिनिटांच्या आसपास. सिंगापूर–सिडनी सुमारे ६,२९० किमी. तसंच करून पावणेआठ तास. दोन्ही मिळून एकवीस तासांच्या आत. थांब्याचे दीड ते दोन तास धरले की साडेबावीस ते तेवीस, आणि तिकिटावरही तेवढंच दिसतं. परतीला दोन्ही टप्पे थोडे लांबतात; सिंगापूर–लंडन चौदा तासांच्या घरात जातो.

थांबा कुठे घ्यायचा, यात अंतराचा हिशेब कामी येतो. सिंगापूरमार्गे दोन टप्प्यांची बेरीज १७,१७० किमी, थेट अंतरापेक्षा एक टक्कासुद्धा जास्त नाही. दुबईमार्गे ५,५०० आणि १२,०४० मिळून १७,५४०, म्हणजे तीन टक्के जास्त. पर्थमार्गे १४,५०० आणि ३,२८० मिळून १७,७८०, साडेचार टक्के. यातला लंडन–पर्थ टप्पा मार्च २०१८ पासून थेट आहे आणि सतरा तासांच्या आसपास घेतो. लॉस एंजेलिसमार्गे मात्र ८,७६० आणि १२,०६० मिळून २०,८२०, म्हणजे २२ टक्के जास्त, चार तासांहून अधिक उड्डाण वाढलं. पहिल्या तिघांत अंतराचा फरक अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, आणि थांब्यावर पुढचं विमान किती वेळाने आहे हा फरक त्याला सहज खाऊन टाकतो. म्हणून एक-दोन-चार टक्क्यांवरून मार्ग निवडू नये, थांब्याच्या तासांवरून निवडावा. दोन तासांपेक्षा कमी थांबा एकाच तिकिटावर असेल तरच घ्यावा. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन पुन्हा देण्यापासून सगळं तुमच्यावर येतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. तिथे चार-पाच तासही कमी पडू शकतात.

उरला घड्याळाचा घोळ. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ नेहमी स्थानिक असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून तास काढता येत नाहीत. लंडन आणि सिडनीत तर वर्षभरात तीन वेगवेगळे फरक असतात, कारण दोन्हीकडे घड्याळं पुढे-मागे होतात आणि उलट्या ऋतूंत होतात. नोव्हेंबर ते मार्च सिडनी ११ तास पुढे. एप्रिल ते सप्टेंबर ९ तास. मधल्या संक्रमणात १० तास: वसंतात मार्चचा शेवटचा रविवार ते एप्रिलचा पहिला रविवार हा एकच आठवडा, आणि शरदात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत तीन-चार आठवडे. (हे ऋतू लंडनचे.)

खात्रीची पद्धत एकच: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजाबाकी. जानेवारीत लंडनहून सोमवारी २०:३० ला निघालेलं विमान, ती प्रमाणवेळही २०:३० च. सिडनीला बुधवारी ०६:३० ला पोचलं; ११ तास वजा केले की मंगळवार १९:३०. प्रवास २३ तास. तारखेत दोन दिवस पुढे दिसतात म्हणून दोन दिवस लागले असं नाही. आणि पॅसिफिकवर उलटंही होतं: जुलैत टोकियोहून १७:०० ला निघून दहा तास उडालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी ११:०० ला उतरतं.

हेच लंडनचं विमान जुलैत त्याच २०:३० ला सोडलं तर? तेव्हा प्रमाणवेळ १९:३०, २३ तासांनी मंगळवार १८:३०, सिडनीत बुधवार पहाटे ०४:३०. आणि सिडनी विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणबंदी असते. ५ ते ६ च्या दरम्यान मोजक्या आंतरराष्ट्रीय विमानांनाच उतरू देतात. म्हणजे उन्हाळ्यात एक तर लंडनहून उशिरा निघायला हवं, नाहीतर थांबा लांबवायला हवा. तिकिटावर एकाच मार्गाचा एकूण वेळ ऋतूप्रमाणे तासा-दीड तासाने बदललेला दिसला, तर त्यामागे वाऱ्याइतकंच हेही कारण असू शकतं.

एखाद्या विशिष्ट विमानाचा खरा वेळ हवा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याचा क्रमांक टाका आणि गेल्या आठ-दहा दिवसांची उड्डाणं बघा. तिथे उड्डाण ते उतरणं हा हवेतला वेळ वेगळा आणि वेळापत्रकाचा वेळ वेगळा दिसतो. दोन्हींतला फरक म्हणजे टॅक्सी आणि उशी. सर्वांत कमी किंवा सर्वांत जास्त वेळ धरू नका, चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. आणि ज्या महिन्यात जायचं आहे तो महिना वेगळ्या ऋतूतला असेल तर आजच्या उड्डाणांवरून अंदाज न बांधता त्या महिन्याचं वेळापत्रक उघडून बघा.